स्टार्टरची कॉईल

3 डिसेंबर
ऐन कांद्याच्या पाण्याला शेजारच्या आप्पांच्या पंपाचा स्टार्टर बंद पडला. झाकण काढताच जळक्या व्हार्निशचा वास. कॉईल काळी ठिक्कर. "गुरुजी, लाइट कमीजास्त होते, त्यानंच गेली असंल," आप्पा म्हणाले. पण गाभ्याच्या दोन तोंडांमध्ये कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं. बटण दाबलं की वरचा भाग ओढला जायचा, पण पुरता टेकायचा नाही.

चुंबकीय प्रवाह लोखंडातून जितका सहज जातो तितका हवेतून जात नाही. फरक हजारपटींचा असतो. म्हणून मिलिमीटरभर फटीनेही ओढ ढासळते. एसीवर त्यात आणखी भर पडते. गाभा मिटला की कॉईलचा विरोध वाढतो आणि करंट उतरतो. इथे गाभा मिटलाच नाही, करंट चढाच राहिला, तार भाजून निघाली.

4 डिसेंबर
रिवाइंडिंगच्या दुकानात बसलो. कारागीर जुनी तार उलगडताना एकेक वेढा मोजत होता. म्हणाला, "सर, वेढे कमी भरले तर जळंल, जास्त भरले तर पकडणार नाही."

वर्गात मी शिकवतो की वेढे वाढवले की चुंबक बलवान होतो. हा माणूस उलट सांगतो आणि एसीसाठी त्याचंच खरं आहे. व्होल्टेज तेच ठेवून वेढे वाढवले तर दर वेढ्याच्या वाट्याला कमी व्होल्ट येतात आणि गाभ्यातला चुंबकीय प्रवाह घटतो. ओढ त्या प्रवाहाच्या वर्गाने बदलते. दहा टक्के वेढे जास्त पडले तर ओढ सुमारे सतरा टक्क्यांनी कमी. हे गणित त्याने कागदावर कधी मांडलं नसेल, पण बोटांत पक्कं आहे.

5 डिसेंबर
वर्गात चुंबकाचा प्रयोग. खिळा, एनॅमलची तार, सेल. एका मुलीने विचारलं, "सर, तार दुप्पट गुंडाळली तर टाचण्या दुप्पट उचलेल का?" फार चांगला प्रश्न.

बॅटरीवर ओढ ठरते ती करंट गुणिले वेढे या गुणाकारावर. तार दुप्पट झाली की तिचा रोधही दुप्पट, करंट निम्मा, गुणाकार जिथल्या तिथे. वेढे अगदी थोडे असतात तेव्हा सेलचा स्वतःचा रोध वरचढ असतो, म्हणून सुरुवातीला फायदा दिसतो. पुढे तो थांबतो. मग फक्त तार कमी तापते आणि सेल जास्त टिकतो. जोर हवा असेल तर जाड तार घ्यावी किंवा व्होल्ट वाढवावेत.

7 डिसेंबर
मुलांसाठी टिपण. 1825 साली इंग्लंडमध्ये विल्यम स्टर्जनने नालाच्या आकाराच्या लोखंडाला व्हार्निश लावून त्यावर उघडी तार विरळ गुंडाळली, जेमतेम अठरा वेढे. सुमारे 200 ग्रॅमच्या त्या नालाने चार किलो वजन उचललं. अमेरिकेत ऑल्बनीला शिकवणाऱ्या जोसेफ हेन्रीने तारेलाच रेशीम गुंडाळलं. आता वेढे एकमेकांना खेटून, थरावर थर बसू लागले. शिवाय एकच लांब तार न वापरता त्याने अनेक आखूड तारा समांतर जोडल्या. परवाच्या मुलीच्या प्रश्नाचं हेच उत्तर! 1831 पर्यंत त्याचा चुंबक 340 किलो पेलत होता.

अर्थात लोखंडालाही मर्यादा असते. चुंबकीय क्षेत्र दोन टेस्लाच्या आसपास गेलं की ते संपृक्त होतं. त्यापुढे करंट ओतून फारसं हाती लागत नाही, उष्णता मात्र वाढत जाते.

9 डिसेंबर
नवी कॉईल बसवली, गाभ्याची तोंडं पुसून घेतली, केबलच्या भोकांना रबर लावलं. तोंडावरची तांब्याची कडी शाबूत आहे ना, तेही पाहिलं. 50 हर्ट्झवर ओढ सेकंदाला शंभर वेळा शून्याकडे जाते. त्या क्षणी कडीतला प्रवाह पकड सुटू देत नाही. कडी तुटली की स्टार्टर थरथरतो.

संध्याकाळी मीटर लावला तर 415 च्या जागी 320 व्होल्ट. म्हणजे ओढ नेहमीच्या साठ टक्क्यांनाही पोचत नाही. आप्पांची तक्रारही खरीच होती. त्यांना सांगून आलो, खडखड ऐकू आली की पंप लगेच बंद करायचा, व्होल्टेज सुधारेपर्यंत बटण दाबायचं नाही.