नायगाराच्या अलीकडे दीड तास

भारतातून कुणाचे आईवडील आले की त्यांना नायगारा दाखवायचा, हा आपल्या मंडळींचा सतरावा संस्कार आहे. पहाटे निघायचं, डब्यात पोळीचे रोल, थर्मासमध्ये चहा, मागच्या सीटवर उशी, आणि नव्वद नंबरच्या थ्रूवेवरून सरळ पश्चिमेकडे. वाटेत रॉचेस्टरची पाटी येते. तिथं आपण थांबत नाही. थांबलोच तर गॅस भरायला. आम्हीही तीनदा असेच गेलो होतो. या उन्हाळ्यात मात्र मुद्दाम उतरलो, कारण बरोबर बाबा होते. मिरजेच्या एका रुग्णालयात एक्स-रे विभागात त्यांची 31 वर्षं गेली. नकाशावर ते नाव दिसताच ते म्हणाले, "कोडॅकचं गाव वाटेवर आहे आणि तुम्ही मला पाणी बघायला नेताय?"

रॉचेस्टरच्या ईस्ट अव्हेन्यूवर जॉर्ज ईस्टमनचं घर आहे; 1949 पासून तिथं संग्रहालय आहे. घर कसलं, राजवाडाच. आतली काचेची बाग थोडी लहान वाटली म्हणून या गृहस्थाने 1919 साली घर मधोमध कापून मागचा अर्धा भाग सुमारे 9 फूट मागे सरकवून घेतला. पैसा असला की माणसाला काय सुचेल सांगता येत नाही. पण आमचा इंजिनिअरचा जीव, त्यामुळे झुंबरं बघण्याऐवजी आम्ही जोड कुठं दिसतो का तेच शोधत राहिलो.

बाबा थांबले ते 1888 च्या पहिल्या कोडॅक कॅमेऱ्यापाशी. साधी काळी पेटी. किंमत 25 डॉलर, आत 100 फोटोंची फिल्म भरलेली. फोटो संपले की अख्खा कॅमेरा पोस्टाने रॉचेस्टरला पाठवायचा. 10 डॉलर घेऊन कंपनी फिल्म धुऊन, गोल गोल फोटो छापून, नवी फिल्म भरून कॅमेरा परत करी. जाहिरात जगप्रसिद्ध आहे: तुम्ही बटण दाबा, बाकीचं आम्ही करतो. बाबांना आम्ही ती मराठीत सांगितली. ते हसले आणि म्हणाले, "ते 'बाकीचं' म्हणजे आम्ही."

आपण मराठीत रोल 'धुवायला' टाकतो. शब्द अगदी योग्य आहे. प्रकाश पडलेल्या फिल्मवर डोळ्यांना काहीच दिसत नाही. डेव्हलपरमध्ये बुडवली की प्रकाश लागलेल्या कणांची काळी चांदी होते, हायपोमध्ये उरलेलं सगळं विरघळतं आणि मग भरपूर पाण्यात धुवावं लागतं. मिरजेत हे सगळं टाक्यांमध्ये हाताने चाले. फिल्म स्टीलच्या हँगरला लावायची, 20 अंशांच्या डेव्हलपरमध्ये 5 मिनिटं, मग पाणी, मग हायपो, मग वाहत्या पाण्यात अर्धा तास, मग वाळत घालायची. आता मे महिन्यात मिरजेला 20 अंश कुठून आणणार? बाहेरच्या टाकीत बर्फाच्या लाद्या टाकायच्या. बाबांची नखं कायम तपकिरी असत. शाळेच्या दाखल्यावर त्यांनी सही केली की कागदालाही तो आंबट वास येई.

हे काम यंत्राकडून करून घ्यायची कल्पना जुनी. 1940 च्या दशकात अमेरिकेत जे यंत्र आलं ते हँगरच उचलून एका टाकीतून दुसऱ्या टाकीत टाकी; एका फिल्मला 40 मिनिटं लागत. खरा पालट झाला 1956 मध्ये. कोडॅकच्या एक्स-ओमॅटने हँगर काढूनच टाकला. फिल्म रुळांच्या जोड्यांमधून वरखाली फिरत पुढे जाते, एका टोकाला अंधारात घाला, दुसऱ्या टोकाला कोरडी घ्या. तासाभराचं काम 6 मिनिटांवर आलं, आणि 1965 मध्ये 90 सेकंदांवर.

ऐकायला सोपं वाटतं. पण फिल्मवरचा थर जिलेटिनचा, म्हणजे थोडक्यात जेलीच. भिजली की फुगते, गरम पाण्यात मऊ होते, आणि यांना तर ती 35 अंशांच्या डेव्हलपरमधून रुळाखाली दाबून न्यायची होती! म्हणून डेव्हलपरमध्येच जिलेटिन कडक करणारं रसायन घालावं लागलं. शिवाय प्रत्येक फिल्म थोडा डेव्हलपर 'खाते' आणि बदल्यात ब्रोमाइड सोडते. म्हणून जितकी फिल्म आत जाईल त्या हिशेबाने पंपाने ताजं द्रावण सोडायचं. सकाळची पहिली फिल्म रात्री उष्ण आणि सकाळी उपाशी असलेल्या टाकीत पडली तर दुपारच्या फिल्मशी तिचा काळेपणा जुळत नाही. आम्ही रासायनिक कारखान्यांच्या नियंत्रणावर पोट भरतो. ऐकताना वाटलं, हा तर आमचाच धंदा, फक्त कपाटाएवढा.

मिरजेला असं यंत्र 1992 मध्ये आलं. आमची समजूत अशी की बाबांना हायसं वाटलं असेल. म्युझियमच्या बाकावर बसून त्यांनी जे सांगितलं ते आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. टाकीच्या काळात फिल्म लाल दिव्याखाली उचलून पाहता येई. फोटो फिका पडला असेल तर आणखी दोन मिनिटं ठेवायची, काळा पडतोय असं वाटलं तर लवकर काढायची. एक्स-रे काढणाऱ्याचा अंदाज चुकला तरी डार्करूमवाला सांभाळून घेई. यंत्राला दयामाया नाही. सगळ्यांना तेच 90 सेकंद. "पहिल्या महिन्यात कळलं, कुणाचा हात किती कच्चा आहे ते," बाबा म्हणाले. "तोवर सगळ्यांचं झाकलेलं होतं, आमच्यामुळे." रुग्ण जाड आहे का, छाती भरलेली आहे का, हा विचार आता बटण दाबण्यापूर्वी करावा लागे. मोजमाप तक्त्यावर लिहून भिंतीवर लावलं ते बाबांनीच. अक्कल संपली नाही, डार्करूममधून बाहेरच्या खोलीत आली. आणि यंत्राची सेवा होतीच की! रोज रात्री रूळ काढून धुवायचे, सकाळी एक वाया गेलेली फिल्म फिरवून घाण काढायची, मगच पहिला पेशंट.

कागदाचीही गंमत आहे. जुना फोटोचा कागद हायपो स्पंजासारखा पितो. तासभर धुतला नाही तर वर्षांनी पिवळा पडतो. आमच्या घरच्या 1974 च्या लग्नाच्या अल्बममध्ये अर्धे फोटो लख्ख आहेत आणि पंगतीचे तेवढे चहात बुडवल्यासारखे. लग्नसराईत कुठल्या तरी स्टुडिओला पाणी पुरलं नसावं. 1970 च्या दशकात दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचा मुलामा दिलेला कागद पसरला. तो पाणी पीत नाही, यंत्रातून मिनिटांत कोरडा बाहेर येतो. जुन्या कागदाची झाक त्याला नाही, हेही खरं.

रॉचेस्टरकरांनी हीच विद्या चंद्रावर नेली. 1966 आणि 1967 मध्ये नासाने पाच ल्युनर ऑर्बिटर यानं चंद्राभोवती धाडली, त्यांतली फोटोयंत्रणा इथली. याने परत येणार नव्हती, म्हणजे फिल्म तिथंच धुणं भाग. वजनरहित अवस्थेत टाकीत द्रावण ठेवणार कसं? म्हणून द्रावणात आधीच भिजवलेली दुसरी फिल्म मूळ फिल्मवर दाबायची, काही मिनिटांनी सोलून काढायची. डेव्हलपर आणि हायपो दोन्हींचं काम त्यातच. मग वाळवून, प्रकाशाच्या बारीक ठिपक्याने वाचून चित्र रेडिओने पृथ्वीवर. चंद्राजवळून पृथ्वीचा पहिला फोटो 23 ऑगस्ट 1966 चा, तो असाच धुतलेला. माणसं उतरायच्या जागा याच फोटोंवरून निवडल्या.

त्याच काळात गावात आणखी एक धुलाई चाले, पण तिची वाच्यता नव्हती. 1960 पासून अमेरिकेचे कोरोना हेरउपग्रह फिल्मच्या कुप्या खाली टाकत. पॅराशूटने उतरणारी कुपी विमान हवेतच झेलून घेई आणि फिल्म रॉचेस्टरला येई. ही गोष्ट 1995 मध्ये उघड झाली. त्यानंतरच्या हेक्झागॉन उपग्रहांच्या मैल मैल लांबीच्या फिल्मही इथंच धुतल्या गेल्या. त्यांचं रहस्य 2011 पर्यंत टिकलं. गंमत पहा, 2019 मध्ये शास्त्रज्ञांनी हेक्झागॉनचे 1970 च्या दशकातले हिमालयाचे फोटो नव्या मोजमापांशी ताडले आणि सुमारे 650 हिमनद्यांचा हिशेब मांडला: 2000 नंतर बर्फ वितळण्याचा वेग दुप्पट झाला आहे. रशियावर नजर ठेवायला काढलेल्या फिल्मवर आपल्या गंगेचं पाणी मोजलं गेलं. नीट धुतलेली फिल्म होती म्हणून.

दुपारी लेक अव्हेन्यूने कोडॅक पार्ककडे गेलो. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला या गावात कंपनीची 60 हजारांवर माणसं कामाला होती. 2007 मध्ये काही इमारती सुरुंग लावून पाडल्या, 2012 च्या जानेवारीत कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, पुढच्या वर्षी त्यातून ती सावरून बाहेर आली. जिथं कारखाने होते तिथं आता मोकळी मैदानं आणि रिकामे पार्किंग लॉट आहेत. उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कारखाना होता, 'इंदू' नावाची फिल्म आणि एक्स-रे प्लेट तिथं होत असे. बाबांनी ती पुष्कळ वापरली. तोही बंद पडला. रॉचेस्टरला मात्र फिल्म अजून बनते. 'ओपनहायमर' (2023) साठी कोडॅकने 65 मिलिमीटर रुंदीची कृष्णधवल फिल्म प्रथमच बनवली, आणि ती धुणाऱ्या लॅबला आपल्या यंत्रात फेरफार करावे लागले.

कुंपणाशी गाडी उभी केली. बाबांनी विचारलं, "हायपोतली चांदी हे लोक काय करत असतील?" मिरजेत वापरलेला हायपो विकत घ्यायला एक माणूस दर महिन्याला कॅन घेऊन येई, त्यातून तो चांदी काढी. पैशाची पावती रुग्णालयाला, पण डार्करूमच्या दिवाळीला चार पेढे त्याच्याकडून. आम्ही म्हटलं, इथंही काढतच असणार, एवढी चांदी कोण सोडील! बाबांनी मान हलवली आणि बराच वेळ त्या मैदानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पाण्याची सोय चांगली आहे गावाला. नदी आहे ना? त्याशिवाय जमणारच नाही."

जाणाऱ्यांसाठी: थ्रूवेवरून 490 धरलं की ईस्ट अव्हेन्यू फार लांब नाही. संग्रहालयाच्या वेळा आधी पाहून घ्या. जेनेसी नदीचा 96 फुटी हाय फॉल्स गावाच्या मध्यातच आहे, तोही पहावा. निदान तीन तास हाताशी ठेवा. बरोबर कुणी जुना डार्करूमवाला असेल तर पाच.