एक डॉक्टर, दोन परीक्षा

परीक्षा म्हटली की आपल्याकडे सारं घरच परीक्षेला बसतं. टीव्हीचा आवाज कमी होतो, पाहुण्यांना 'पुढच्या महिन्यात या' म्हणून सांगितलं जातं आणि आजी रोज देवापुढे एक दिवा जास्त लावते. एका परीक्षेची ही तऱ्हा. मग एकाच पदवीसाठी, जवळजवळ त्याच अभ्यासक्रमावर, पंधरा दिवसांच्या आत दोन परीक्षा देण्याची वेळ आली तर? त्यातली एक सक्तीची आणि दुसरी ऐच्छिक, पण ती न दिल्यास पुढे काही दारं बंद होतील अशी धास्ती असेल तर?

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीच्या मुलीवर ही वेळ आली, तेव्हा कुठे मला या भानगडीची माहिती झाली.

भाचीला ऑस्टिओपॅथिक मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा इकडच्या नातेवाईकांचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे हाडवैद्य का गं?" ताईला समजावून सांगता सांगता नाकी नऊ आले. अमेरिकेत डॉक्टर होण्याच्या दोन वाटा आहेत. एका वाटेने गेलं की 'एम. डी.' पदवी मिळते, दुसरीने 'डी. ओ.' दोघंही औषधं लिहून देतात, दोघंही शस्त्रक्रिया करतात आणि सर्व राज्यांत दोघांनाही सारखेच अधिकार आहेत. डी. ओ. होणाऱ्यांना हातांनी स्नायू, सांधे, पाठीचा कणा तपासून उपचार करण्याचं सुमारे २०० तासांचं शिक्षण जास्तीचं असतं, एवढाच काय तो ठळक फरक.

या पंथाचा जनक अँड्र्यू टेलर स्टिल हा स्वतः डॉक्टरच होता. १८६४ मध्ये मेंदूज्वराने त्याची तीन मुलं गेली आणि त्या काळच्या औषधांवरचा त्याचा विश्वास उडाला. १८९२ मध्ये त्याने मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावी पहिलं कॉलेज काढलं. पुढे कित्येक वर्षं या डॉक्टरांकडे दुय्यम म्हणूनच पाहिलं गेलं. आज अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्यांपैकी चौथा हिस्सा विद्यार्थी ऑस्टिओपॅथिक कॉलेजांतले आहेत. मान बराचसा मिळाला, पण परीक्षा मात्र वेगळीच राहिली.

डी. ओ. विद्यार्थ्यांची परवान्याची परीक्षा आहे 'कॉमलेक्स'. ती तीन टप्प्यांत होते. पहिले दोन टप्पे पार केल्याशिवाय पदवीच मिळत नाही. एम. डी. विद्यार्थी देतात ती 'यूएसएमएलई'. डी. ओ. विद्यार्थ्याला डॉक्टरकीच्या परवान्यासाठी तिची गरज नाही, पण इच्छा असेल तर तो ती देऊ शकतो. सगळी गोम आहे ती या 'इच्छा असेल तर' मध्ये!

पदवीनंतर रेसिडेन्सी म्हणजे रुग्णालयात काही वर्षं प्रशिक्षण घ्यावं लागतं. पूर्वी डी. ओ. मंडळींसाठी स्वतंत्र रेसिडेन्सी आणि त्यांची स्वतंत्र निवडपद्धत होती. २०१४ मध्ये दोन्ही बाजूंचा समझोता झाला आणि २०२० पासून सगळे एकाच रांगेत आले. रांग एक झाली, पण हातातली प्रगतिपुस्तकं दोन प्रकारची. कॉमलेक्सच्या दुसऱ्या टप्प्यात पास व्हायला ४०० गुण लागतात, तर यूएसएमएलईमध्ये दोनशेच्या घरात. ढिगाने आलेले अर्ज चाळणाऱ्या विभागप्रमुखाला आपल्या ओळखीची मोजपट्टी सोयीची वाटते. त्यामुळे काही ठिकाणी, विशेषतः अस्थिशल्य, मेंदूशल्य, त्वचारोग अशा चढाओढीच्या शाखांत, डी. ओ. विद्यार्थ्याकडूनही यूएसएमएलईच्या गुणांची अपेक्षा असते.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस भाचीपुढे हा प्रश्न उभा राहिला. रविवारच्या आमच्या व्हिडिओ कॉलवर दुसरा विषयच नसे. भाऊजींचं मत ठाम होतं, "दोन्ही दे. नंतर हळहळ नको." ताईला मुलीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसत होती. ती म्हणायची, "जी सक्तीची आहे ती नीट दे, बाई. जिवापेक्षा परीक्षा मोठी नाही."

मी भाचीला विचारलं, "तुला स्वतःला कोणत्या शाखेत जायचंय? त्यावरून ठरव ना."

ती हसली. "अगं मावशी, तिथेच तर गंमत आहे. रुग्णालयातलं शिक्षण तिसऱ्या वर्षी सुरू होणार. मी अजून धड एक वॉर्ड पाहिलेला नाही. कोणती शाखा आवडेल ते मला पुढच्या वर्षी कळेल आणि परीक्षेचं मात्र आत्ताच ठरवायचंय!"

मला उत्तर सुचलं नाही.

त्यातच २०२२ पासून दोन्ही परीक्षांच्या पहिल्या टप्प्यात गुण देणं बंद झालं आहे. निकाल फक्त पास किंवा नापास. त्यामुळे तिच्यापुढे तीन वाटा होत्या. फक्त कॉमलेक्स द्यायची, दोन्ही परीक्षांचे दोन्ही टप्पे द्यायचे, किंवा यूएसएमएलईचा पहिला टप्पा सोडून पुढच्या वर्षी फक्त दुसरा द्यायचा, कारण तिथे अजून गुण मिळतात. प्रत्येक वाटेवर खाचखळगे होतेच. एकेका परीक्षेची फी सहाशे डॉलरच्या वर, सरावाच्या प्रश्नसंचांचे पैसे वेगळे, आणि हे सगळं शिक्षणाच्या कर्जावर चढणार. एका परीक्षेत पाठीच्या मणक्यांवरचे प्रश्न, दुसरीत त्यांचा मागमूस नाही. प्रश्न विचारण्याची ढबही निराळी. शिवाय हौसेने दिलेल्या परीक्षेत नापास झालं तर ती नोंद पुसली जात नाही. म्हणजे जी परीक्षा दिलीच नसती तरी चाललं असतं, तीच पुढे आडवी यायची.

भाचीच्या एका मैत्रिणीने यूएसएमएलईच्या वाटेला न जाण्याचं ठरवलं. तिला आपल्या गावाकडे परत जाऊन कुटुंबाची डॉक्टर व्हायचं होतं आणि तिने हेरून ठेवलेली सगळी ठिकाणं कॉमलेक्स मानणारी होती. तिचा हिशेब स्वच्छ होता. भाचीकडे तसा हिशेब नव्हता. अखेर तिने सहा आठवडे खोलीत कोंडून घेतलं, सराव परीक्षांचे निकाल पाहून मगच नाव नोंदवलं आणि दहा दिवसांच्या अंतराने दोन्ही परीक्षा दिल्या. प्रत्येक परीक्षा म्हणजे अख्खा दिवस संगणकापुढे.

निकाल आले तेव्हा भाऊजींनी सवयीने विचारलं, "किती?"

"किती काय, बाबा? पास. दोन्हींत नुसतं पास."

तिसऱ्या वर्षी तिला बालरोग विभाग आवडला. तिथली बरीच ठिकाणं कॉमलेक्सवर समाधानी असतात. मी जरा चाचरतच म्हटलं, "मग ती दुसरी मेहनत वाया गेली म्हणायची का गं?" ती म्हणाली, "छत्री नेली आणि पाऊस आला नाही, तर छत्री वाया गेली असं म्हणतेस का तू?"

तिचं उत्तर मला आवडलं, पण पटलं नाही. छत्री विकत घ्यायची विद्यार्थ्याने, ओझं वाहायचं त्यानेच. आणि पाऊस पडणार की नाही हे ज्यांना ठाऊक आहे, ती मंडळी मात्र स्पष्ट सांगत नाहीत. दोन्ही परीक्षांना समान मान द्यावा, असं विधेयक २०२३ मध्ये अमेरिकन संसदेतही मांडलं गेलं. आपल्याकडे २०१६ मध्ये 'नीट'वरून केवढा गदारोळ झाला होता! राज्याच्या सीईटीची तयारी केलेली मुलं ऐन वेळी गोंधळली. तेव्हाही मोठ्यांनी न सोडवलेला प्रश्न मुलांच्या दप्तरात जाऊन पडला होता.

म्हणून दूर देशी शिकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना माझं एवढंच सांगणं आहे. 'दोन्ही दे' असं म्हणण्याआधी मुलाला कुठे अर्ज करायचाय आणि तिथे काय मागतात, हे त्याच्याबरोबर बसून पाहा. सराव परीक्षेचा निकाल काय सांगतो तेही पाहा. २०२५ मध्ये डी. ओ. पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या ९२.६ टक्के विद्यार्थ्यांना रेसिडेन्सी मिळाली; एम. डी. विद्यार्थ्यांत हे प्रमाण ९३.५ टक्के होतं. घाबरून जावं अशी ही दरी नाही.

भाचीचे अर्ज आता सप्टेंबरमध्ये जातील. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी जागा मिळाली की नाही ते कळेल आणि शुक्रवारी कुठे मिळाली ते. तोवर मी तिला एकच प्रश्न विचारायचं ठरवलं आहे, "जेवलीस का गं?"