आधी पाणी, मग जाळ

मुंबईच्या थंडीची बाहेरगावच्या माणसांनी खुशाल चेष्टा करावी. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता, हे आम्ही उपनगरवाले अजून ऐटीत सांगतो. राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराला एका अंगाने बोरिवली टेकलेली, दुसऱ्या अंगाने मुलुंड. जानेवारीतल्या एखाद्या पहाटे हा डोंगर दोन्हीकडे सारखाच गारवा सोडतो, आणि गॅस गीझरला रुसायला नेमकी तीच पहाट सापडते.

टक् टक् टक्. नुसता आवाज, जाळ नाही. पंचा गुंडाळलेला माणूस मोरीच्या दाराशी उभा आणि स्वयंपाकघरातून सूचना: "नळ पूर्ण सोड!" "सेल कधी बदललेत?" "काल तर चालत होता!" हे शेवटचं वाक्य बंद पडलेल्या प्रत्येक वस्तूबद्दल म्हटलं जातं. त्याने आजवर एकही वस्तू सुरू झालेली नाही.

पेटीच्या पोटात काय चालतं ते एकदा समजून घ्यावं. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा सरकतो, त्याची दांडी स्विच चालू करते. मग दीड व्होल्टचे दोन जाडे सेल ठिणगी पाडतात, गॅसची झडप उघडते, बर्नर पेटतो. ज्योत लागल्याचं शेजारच्या सळईला कळलं नाही, तर काही क्षणांत झडप मिटते. हुकूम पाण्याचा, आग ताबेदार. टकटकही येत नसेल तर सेल आणि पाणी पाहावं. टकटक होऊनही जाळ नसेल तर गॅसचा कॉक पाहावा. तो पुष्कळदा रात्री घरातल्याच कुणीतरी शहाणपणाने बंद केलेला असतो.

पण उपनगरात खरी मेख पाण्याचीच. पाणी येतं गच्चीवरच्या टाकीतून, आणि दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार. तळमजल्यावर गीझर चटकन पेट घेतो. शेवटच्या मजल्यावर टाकी डोक्यावर जेमतेम दोन-तीन मीटर, म्हणजे दाब पाव बारच्या आसपास. पडदा जागचा हलत नाही. वारा आणि डोंगराचं दर्शन मिळतं म्हणून जादा पैसे मोजून घेतलेला मजला, आणि आंघोळ गार पाण्याने! त्यात पाणी आत शिरतं तिथे एक बारीक जाळी असते. सोसायटीने टाकी धुतली की गाळ आणि गंज तिच्यात येऊन बसतो. पाणी बंद करून ती काढावी, दात घासायच्या जुन्या ब्रशने धुवावी. तांबूस लगदा निघून जातो आणि मेकॅनिकची फेरी वाचते.

१९९५ साली महानगर गॅस कंपनी निघाली आणि हळूहळू घरोघरी सिलिंडरच्या जागी पाइप आला. सिलिंडरवरचा जुना गीझर तसाच पाइपला जोडला तरी नीट पेटत नाही. पाइपच्या गॅसची उष्णता घनफळामागे कमी, म्हणून जेटचं भोक मोठं लागतं. हे काम मात्र जाणकाराचंच.

आजीच्या पिढीकडे तांब्याचा बंब होता. पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर असे बंब ठोकून घडवत. मधल्या नळकांड्यात निखारे, भोवती पाणी. पेटत नसेल तर खालची राख ओढायची, ओला बंबफोड बाजूला काढायचा. पण बंब भरल्याशिवाय काडी लावायची नाही; कोरड्या बंबाचे डाग वितळून तो गळू लागतो. आधी पाणी, मग जाळ. तोच शिरस्ता आता रबरी पडदा पाळतो, न बोलता.

बंबाचा धूर डोळ्यांत जायचा, माणूस खोकत बाहेर यायचा. गॅस गीझरचा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. बंद न्हाणीघरात त्याने माणसं दगावली आहेत. जाळ निळ्याऐवजी पिवळा दिसला तर गीझर बंद करून मेकॅनिकला बोलवा. आणि तुमचा गीझर न्हाणीघराच्या आत असेल तर तो पेटवण्याची खटपट सोडा. आधी त्याला बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी बसवून घ्या.