माटुंग्याची कॉफी आणि आप्पांची गोळी

मध्य रेल्वेच्या माटुंगा स्थानकावर उतरून आपण पूर्वेच्या बाजूस बाहेर पडलात, तर कॉफीच्या दुकानाचा पत्ता कोणाला विचारावा लागणार नाही. आधी गजऱ्यांचा गंध येतो, मग केळीच्या पानांच्या ओल्या भाऱ्यांचा, आणि आणखी थोडे चालले की या दोहोंना बाजूस सारून भाजल्या जाणाऱ्या कॉफीचा. माझे सासरे, आप्पा, वय वर्षे ८१, त्यांना हल्ली आमटी करपलेली कळत नाही. गॅस चालू राहिल्याचे तर नाहीच नाही. त्यासाठी आम्ही स्वयंपाकघरात सूचना देणारे यंत्र बसवून घेतले आहे. परंतु त्या दिवशी रस्त्याच्या मध्येच ते थांबले आणि म्हणाले, “सुनबाई, घाणा सुरू आहे बघ.”

रुळांच्या पलीकडे, पश्चिमेस, रेल्वेचा डबे दुरुस्तीचा कारखाना आहे. १९१५ सालापासून तो तेथे आहे आणि आप्पांची नोकरीची सारी वर्षे त्यात गेली. पालघाटकडच्या एका सहकाऱ्याने त्यांना पितळी फिल्टरची कॉफी शिकवली. आमच्या घरात कॉफी म्हणजे जायफळ घातलेली, दुधात उकळलेली, उपासाला किंवा पाहुणे आले तर करायची. आप्पांची कॉफी मात्र रोजची आणि निराळी. सासूबाई होत्या तोवर पहाटे फिल्टर त्याच लावत.

हे सांगण्याचे कारण, गेल्या वर्षी ही कॉफी मी बंद केली. आप्पांना थायरॉईडची गोळी चालू आहे. तपासणीतला आकडा काही केल्या जागेवर येईना, म्हणून गोळीची मात्रा दोनदा वाढवण्यात आली. शिवाय रात्रीची झोप नाही. मी ठरवले की दोष कॉफीचाच, आणि एका सोमवारी डबा उचलून माळ्यावर ठेवला. ते काही बोलले नाहीत. दोन दिवस डोके धरून बसले. इतक्या वर्षांची सवय एकदम तोडली की डोके दुखतेच, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे मात्र त्यांच्या छातीत धडधडू लागले, हात कापू लागले, वजन उतरले. डॉक्टरांनी पहिल्यांदाच एक साधा प्रश्न विचारला: गोळी कशाबरोबर घेता? आप्पा म्हणाले, “पूर्वी कॉफीबरोबर. आता हिने दिलेल्या पाण्याबरोबर.”

उलगडा एवढाच होता. कॉफीबरोबर घेतलेली ती गोळी आतड्यातून पुरती शोषली जात नाही. म्हणून आकडा हलत नव्हता आणि मात्रा वाढत गेली होती. मी कॉफी तोडली तेव्हा वाढवलेली मात्रा सगळीच्या सगळी अंगी लागू लागली. कॉफी बंद केल्याचे डॉक्टरांना कळवावे, हे माझ्या मनातही आले नव्हते. आपल्या घरी थायरॉईडची गोळी चालू असेल, तर ती अनशेपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास कॉफी वा चहा घेऊ नये. हाडांच्या ठिसूळपणावर आठवड्यातून एकदा घ्यावयाची गोळी असते, तिचेही असेच. अशी सवय बदलाल, तर तीही डॉक्टरांना सांगून बदलावी.

मात्रा कमी झाली, धडधड थांबली, आणि डॉक्टरांनी कॉफीला परवानगी दिली. ठाण्यात पाकीट कोठेही मिळते. पण आप्पांनी विचारले, “माटुंग्याला जाऊया का?” गेल्या कित्येक महिन्यांत त्यांनी स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट होती.

दुकान लहान आहे. नाव मुद्दामच देत नाही, कारण या भागात अशी दुकाने एकाहून अधिक आहेत आणि प्रत्येकाचे गिऱ्हाईक आपल्याच दुकानाची शपथ घेते. पुढे फळी, मागे दळणयंत्र, आणि कोपऱ्यात भाजण्याचे फिरते पिंप. एका वेळी जेमतेम पाच किलो बी त्यात पडते. कच्ची कॉफी आपण कधी पाहिली नसेल तर जरूर पाहावी: करडट हिरवी, गवतासारखा वास, कॉफीची ओळखही नाही. उष्णतेने ती आधी पिवळी पडते, मग तांबूस, आणि पारा दोनशे अंशांच्या आसपास आला की लाह्या फुटाव्यात तशी तडतडू लागते. तो आवाज ऐकण्यासाठी दुकानदार बोलणे अर्धवट सोडून पिंपाकडे वळतात. आणखी थोडा वेळ, आणि बी चाळणीवर ओतून गार करायचे. बहुतेक पाणीच उडाल्यामुळे वजनात सहाव्या-सातव्या हिश्श्याची घट येते. आकार मात्र फुगतो.

दुकानदारांनी आप्पांना स्टूल दिले आणि ताजी खबर सांगितली. चिकमगळूर आणि कोडगूकडचा नवा माल आला आहे. अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत चालते, रोबस्टाची त्यानंतर. वाळवून, सोलून, निवडून तो इथवर पोचायला चैत्र उजाडतो. भाव चढेच आहेत. ब्राझीलमधील दुष्काळानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये अरेबिकाने जागतिक बाजारात विक्रमी भाव गाठला होता, त्याची झळ आपल्या फिल्टरपर्यंत येते.

“चिकोरी किती घालू, आजोबा?” हा प्रश्न येथे प्रत्येकाला विचारला जातो, आणि आरोग्याच्या दृष्टीने तो ऐकण्यासारखा आहे. चिकोरी ही कॉफी नव्हे. ते एका झाडाचे भाजलेले मूळ. तिच्यात कॅफिन मुळीच नसते. तिने रंग आणि दाटपणा येतो. आपल्याकडच्या नियमानुसार अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावे लागते; तेव्हा घरचे पाकीट एकदा उलटून पाहा. दुसरी गोष्ट बियांच्या जातीची. रोबस्टात अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफिन असते. ‘कॉफी आजोबांना सोसत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा कोणती कॉफी, हे आपण पाहिलेलेच नसते.

आप्पांनी अरेबिका निवडली, वीस टक्के चिकोरी. मी पुढे होऊन “तीस घाला” म्हटले. दुकानदार आप्पांकडे पाहत राहिले. मी गप्प बसले.

“शेवटचा पेला किती वाजता?” त्यांनी विचारले. आप्पा चोरट्यासारखे म्हणाले, “पाचला.” दुकानदारांनी फक्त मान हलवली. हिशेब सोपा आहे: पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मे उरायला सुमारे पाच तास लागतात, म्हणजे पाचच्या पेल्याचा अर्धा अंमल रात्री दहालाही जागाच असतो. उतारवयात झोप तशीही पातळ, त्यात रात्री लघवीला उठणे. आता शेवटचा पेला दुपारी बाराच्या आत. साखरेबद्दल अद्याप आमचे एकमत नाही.

आपण आपल्या घरच्या वृद्धांना घेऊन येथे जाणार असाल तर मधल्या वारी, सकाळी दहाच्या पुढे जावे. तेव्हा गाड्यांची गर्दी ओसरलेली असते. पदपथावर फुलांच्या टोपल्या असतात, ओले असते, काठी हवीच. पूड पावशेराहून जास्त घेऊ नये, दळल्यावर वास भराभर उडतो. आणि निवड त्यांनाच करू द्यावी. मला हे जमायला वेळ लागला.

परतताना आप्पा गाडीत पुडके मांडीवर धरून बसले होते. आता ते पहाटे साडेपाचला गोळी घेतात, फिल्टर स्वतः लावतात आणि साडेसहाची वाट पाहत खिडकीशी बसतात. एखाद्या दिवशी सव्वासहालाच पेला भरलेला दिसतो. मी घड्याळाकडे बोट दाखवते, ते ऐकू न आल्यासारखे करतात, पण पेला खाली ठेवतात. पुढच्या गुरुवारी दुकानात पीबेरी भाजणार आहेत, फळात दोनऐवजी एकच गोल बी धरते ती. कालनिर्णयावरच्या त्या चौकटीत, माझ्या दंतवैद्याच्या वेळेवरच, त्यांनी ते मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे.