टंक आणि संहिता

लोणावळ्यानजीकच्या औंढे गावातील एका शिक्षकांनी १९९८ साली आईच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या संगणकावर उतरवून घेतल्या. आई त्यानंतर फार दिवस राहिली नाही. पुढे संगणक बदलला. फायलींची नक्कल झाली, फॉन्टची मात्र राहून गेली. नव्या पडद्यावर ओव्यांच्या जागी रोमन अक्षरांची व विरामचिन्हांची निरर्थक रांग उमटली.

हा अपघात केवळ तांत्रिक मानणे पुरेसे नाही. खिळ्यांच्या छपाईत मजकूर एकदा कागदावर उतरला की खिळे पुन्हा आपापल्या खणांत जात. संहितेला त्यांची गरज उरत नसे. १८६९ साली स्थापन झालेल्या निर्णयसागर छापखान्याची पुस्तके वाचण्यासाठी जावजी दादाजींचे खिळे जवळ असावे लागत नाहीत. नव्वदच्या दशकात घरोघरी पोचलेल्या फॉन्टांत मात्र देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेले असत, आणि प्रत्येक निर्मात्याची मांडणी निराळी असे. फाइलमध्ये साठत ते केवळ क्रमांक; त्यांचा ‘क’ किंवा ‘ळ’ होणे सर्वस्वी फॉन्टवर अवलंबून. संकेतव्यवस्था अशी संहितेच्या बाहेरच राहिली. १९९१च्या युनिकोडने देवनागरीला स्वतंत्र क्रमांक दिले. ते प्रत्यक्ष वापरात रुळले, तेव्हा कुठे फॉन्ट पुन्हा वळणापुरता उरला. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे की हिंदी, हा प्रश्न तरीही उरतोच.

जुना फॉन्ट अखेर एका स्नेह्याच्या सीडीवर सापडला. तेव्हापासून या शिक्षकांच्या संगणकावर फॉन्टांचे दोन कप्पे आहेत. युनिकोडच्या कप्प्यातील निवडक चार-पाचच फॉन्ट ते वापरात ठेवतात. दुबार प्रती काढून टाकतात. जुन्यांच्या कप्प्यातील काहीही पुसत नाहीत : प्रत्येकाची मूळ फाइल, परवाना आणि वर्णमालेचा छापील नमुना जपलेला असतो, आणि कोणता मजकूर कोणत्या फॉन्टमध्ये आहे याची नोंद वहीत असते.

ओव्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर झाले, त्यात लग्नाच्या ओवीतील ‘वऱ्हाड’चे ‘वर्हाड’ झाले. मूळ फाइल जुन्या फॉन्टमध्ये उघडून ते दुरुस्त करता आले. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत लेखनिकाचे वळण पुरावा मानले जाते. त्या दशकातील मराठी संहितेच्या बाबतीत फॉन्ट हा पुरावा तर आहेच, शिवाय वाचनाची पूर्वअटही आहे. मोडी शिकता येते. हरवलेल्या फॉन्टची मांडणी तर्कानेच उलगडावी लागते. आणि तर्क करणाऱ्याने ती ओवी ऐकलेली असेलच, असे नाही.