आमचा मुखवटा

आमच्या घोरण्याचा इतिहास आमच्यापेक्षां आमच्या कुटुंबास अधिक ठाऊक असावा, हें स्वाभाविकच आहे. त्या वेळीं आम्ही निद्राधीन असतों. पंचवीस वर्षें तिनें त्याविषयीं ब्र काढला नाहीं. परंतु चार वर्षांपूर्वीं एके दिवशीं सकाळीं चहाचा पेला आमच्यापुढें ठेवून ती म्हणाली, "अहो, तुम्ही घोरतां त्याचें कांहीं नाहीं, घोरायचे थांबतां, तेव्हां माझा जीव थाऱ्यावर राहत नाहीं." आमचा श्वास मध्येंच बंद पडे, आणि तो परत येईपर्यंत ती अंधारांत आंकडे मोजीत पडून राही. आदल्या रात्रीं तिनें चाळीसपर्यंत मोजले होते. आम्ही वर्तमानपत्र खालीं ठेवलें.

डॉक्टरांनीं एक रात्रभर अंगास तारा लावून आमची परीक्षा घेतली, व एक पेटीवजा यंत्र आणि नाकावर बांधावयाचा मुखवटा आमच्या हवालीं केला. यंत्र खोलींतलीच हवा किंचित् दाबानें नळींतून सोडतें, आणि झोपेंत घशाची जी वाट मिटते ती त्या दाबानें उघडी राहते. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन ह्यांनीं ही युक्ति १९८१ सालीं प्रसिद्ध केली. आरंभीं रोग्याच्या नाकाचा प्लास्टरचा साचा घेऊन त्यावरून मुखवटा घडवीत, आणि रोज रात्रीं तो चेहऱ्यास चिकटवीत, असें वाचल्यावर आमच्या तक्रारी बऱ्याच निवळल्या. तरी आमची मिशी गेलीच. तिच्याखालून हवा निसटून रात्रभर शीळ घाले. एका स्नेह्यानें आमच्या ह्या श्वासास 'उसना श्वास' असें नांव दिलें. आम्ही हंसलों खरे, पण तें लागलें.

गेल्या वर्षीं खरी पंचाईत उभी राहिली. आमची कन्या नोकरीनिमित्त लेह येथें असते. तिला मुलगी झाली आणि बारशाचें बोलावणें आलें. लेह साडेअकरा हजार फूट उंचीवर. तेथील हवेचा दाब समुद्रकांठच्या सुमारें दोनतृतीयांश. आमच्या यंत्राच्या पुस्तिकेंत साडेआठ हजार फुटांच्या वरची हमी दिलेली नाहीं. शिवाय डॉक्टरांनीं आणखी एक भय घातलें. विरळ हवेंत मनुष्य आपोआप जोरानें श्वास घेऊं लागतो. त्यामुळें रक्तांतील कार्बन डायऑक्साइड घटतो, आणि झोपेंत मेंदू श्वासाची आज्ञा द्यावयाचेंच क्षणभर विसरतो. म्हणजे वाट मोकळी, परंतु वाटसरूचा पत्ता नाहीं! तेथें आमचा मुखवटा बिचारा काय करणार?

जावें कीं न जावें ह्या विवंचनेंत आम्हांस जॉर्ज फिंच आठवले. संकटांत माणसाला देव आठवतो, प्राध्यापकाला पुस्तक आठवतें. फिंच हे पुणेकरांस अगदींच परके नव्हेत. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे ते १९५२ पासून १९५७ पर्यंत संचालक होते. पण त्याच्या कितीतरी आधीं, १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेंत, प्राणवायूच्या नळकांड्यांचा कारभार ह्या रसायनशास्त्रज्ञाकडे होता. विलायतेहून आणलेले मुखवटे पर्वतावर निरुपयोगी ठरले. तेव्हां फिंचनीं मुलांच्या फुटबॉलचे रबरी फुगे आणि इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या कांचेच्या नळ्या घेऊन नवी जुळणी केली. नळीचें एक टोक प्राणवायूकडे, दुसरें फुग्याकडे, तिसरें तोंडाकडे. श्वास सोडतांना तोंडांतली रबरी नळी दांतांनीं दाबावी, म्हणजे तेवढा वेळ येणारा प्राणवायु फुग्यांत सांठतो. श्वास घेतांना दांत सैल सोडावे. केवढी साधी गोष्ट!

साडेपंचवीस हजार फुटांवर एका लहानशा तंबूंत फिंच, जेफ्री ब्रूस आणि तेजबीर नांवाचा गुरखा शिपाई असे तिघे वादळानें अडकले. दुसऱ्या रात्रीं थंडीनें हातपाय बधिर होत चालले, तेव्हां फिंचना चढाईसाठीं आणलेला प्राणवायु झोपेंत घेण्याची बुद्धि झाली. तिघांनीं तो थोडाथोडा घेतला. अंगांत ऊब आली, झोप लागली. २७ मे रोजीं फिंच आणि ब्रूस सुमारें २७,३०० फुटांपर्यंत पोंचले. तेथें ब्रूसची कांचेची नळी फुटली. फिंचनीं आपला प्राणवायु त्यास देत देत ती दुरुस्त केली, आणि मग दोघेही परत फिरले. प्राणवायु घेऊन चढणें हें मर्दाचें काम नव्हे, असें म्हणणारे त्या मंडळींतही होतेच. आमच्या स्नेह्याचे हे पूर्वज! १९५३ सालीं हिलरी आणि तेनसिंग शिखरावर गेले ते प्राणवायु घेऊनच, आणि वाटेंत तेनसिंगची उच्छ्वासाची नळी बर्फानें बुजली ती हिलरींनीं मोकळी केली. फिंच तेव्हां पुण्याच्या संचालकपदावर होते.

आम्ही गेलों. पहिल्या रात्रीं नाक कोरडें पडून रक्त आलें, म्हणून यंत्राच्या भांड्यांत पाणी भरलें. तर त्याची वाफ गार नळींत थिजून दुसऱ्या रात्रीं नाकांत थेंब टपकूं लागले. तेव्हां कुटुंबानें आपली जुनी लोकरी शाल फाडून नळीस लांबलचक अंगरखा शिवला. इकडे तिला रुईच्या वातीही धड वळतां येत नाहींत, असा आमचा समज होता. तेथील डॉक्टरांनीं रात्रीं बोटावर लावलेल्या यंत्राचे आंकडे पाहिले, मान हलविली, आणि खिशांतून एक प्लास्टिकचा तुकडा काढून आमच्या हातावर ठेवला. त्याचा आकार इंग्रजी टी अक्षराचा होता! एका टोंकास आमची पेटी, दुसऱ्यास मुखवट्याची नळी, आणि मधल्या फांटीस हवेंतून प्राणवायु वेगळा काढणारें दुसरें यंत्र. आम्ही तो तुकडा इतका वेळ न्याहाळीत बसलों कीं, सासऱ्यांस विरळ हवा बाधली काय, अशी जांवयास शंका आली. डॉक्टरांनीं एकच ताकीद दिली: आधीं पेटी चालू करावी, मग प्राणवायु सोडावा, बंद करतांना उलट क्रम, नाहीं तर बंद पेटींत प्राणवायु सांठून आगीचें भय असतें.

बारशाच्या आदल्या रात्रीं दोन वाजतां वीज गेली. दोन्ही यंत्रें एकदम मुकीं झालीं. आम्ही जागे झालों ते छातीवर कोणी बसल्यासारखे. हात कानामागचा पट्टा शोधीत होते, पण तेथें आधींच दुसरे हात पोंचले होते. मुखवटा निघाला. अंधारांत उशीशीं टेकून आम्ही बराच वेळ नुसतें धापा टाकीत बसलों.

"किती मोजलेस?" आम्ही विचारलें.

"मोजायला सवड कुठें होती?" ती म्हणाली, आणि दुलई आमच्या खांद्यांवर ओढली.

पहांटे दिवे आले. तिनें आधीं पेटी चालू केली, मग प्राणवायु सोडला.