आजीव सभासदाच्या पश्चात

मृत व्यक्तीच्या नावावर राहिलेल्या वर्गण्या आणि सभासदत्वे यांचा विचार करताना पहिला भेद करावा लागतो तो वर्गणीदार आणि सभासद यांच्यात. वर्गणीदार हा ठरावीक रक्कम भरून ठरावीक मुदतीपर्यंत अंक वा सेवा घेणारा ग्राहक असतो, आणि कोणी कळवले नाही तर त्याच्या मृत्यूची दखल न घेता ती सेवा चालूच राहते. सभासद हा संस्थेचा घटक असतो. वाचनालयाचे किंवा जिमखान्याचे सभासदत्व बहुधा व्यक्तीबरोबर संपते व मागे उरते ती अनामत, तर सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सभासदत्वाला भागदाखला आणि सदनिका जोडलेली असल्यामुळे त्यातील हक्क वारसांकडे जातात. घरात मात्र हे सारे एकाच फायलीत असते, आणि गोंधळ सुरू होतो तो तिथूनच.

प्रस्तुत लेखिकेच्या वडिलांचे २०२३ साली पुण्यात निधन झाले, तेव्हा पावतीला पावती टाचणीने जोडून ठेवण्याच्या त्यांच्या सवयीमुळे कागदोपत्री वर्गण्यांचा छडा एका दुपारीच लागला: दोन मासिके, एक साप्ताहिक, वाचनालय, ज्येष्ठ नागरिक संघ आणि एका साहित्यसंस्थेचे आजीव सभासदत्व. ज्यांची पावती कागदावर येतच नव्हती, त्या वर्गण्या सापडण्यास पुढचे चार महिने लागले. ग्राहकाने एकदा दिलेल्या संमतीवर दर महिन्याला पैसे आपोआप वळते होण्याच्या सोयीला ‘ऑटोपे’ म्हणतात. अशी रक्कम वळती होण्यापूर्वी किमान २४ तास ग्राहकाला सूचना मिळाली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. नियम ग्राहकाच्या हिताचाच आहे, परंतु ग्राहक हयात आहे हे त्यात गृहीत धरलेले आहे.

खरी चूक झाली ती मोबाइलच्या बाबतीत. वडिलांचा फोन वाजला की घरातील सगळेच दचकत, म्हणून तेराव्यानंतर त्यांचे सिम बंद करण्यात आले, आणि पुढच्या प्रत्येक कामाची किल्ली त्या सिममध्येच होती हे त्यानंतर उमगले. ओटीपी, म्हणजे एकदाच वापरता येणारा सांकेतिक अंक, त्याच क्रमांकावर येणार. ईमेलचा पासवर्ड बदलायचा तर तोही त्याच क्रमांकाच्या आधारे. आणि ग्राहकसेवेला मृत्यूची बातमी सांगितल्यावर पलीकडून शांतपणे सुचवले जाई ते हेच, की नोंदणीकृत क्रमांकावरून फोन करावा. बँकेला मृत्यूचा दाखला दिल्यावर खाते गोठले व खात्यातून जाणाऱ्या वर्गण्या थांबल्या, पण क्रेडिट कार्डावरची एक वर्गणी, कार्ड बंद करण्याचे कोणाच्या ध्यानात न आल्याने, विलंबशुल्कासह वाढत राहिली. शिवाय बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, त्यामुळे मृताच्या व्यवहारांच्या सूचना उद्या अनोळखी हातात पडण्याचा धोका राहतो. तात्पर्य, सिम बंद करावे ते सर्वांत शेवटी, आणि तोवर फोन भरून ठेवावा, मग तो कितीही दचकवो.

गृहनिर्माण संस्थेचे काम, ज्याची सर्वांनी धास्ती घेतली होती, ते त्यामानाने सरळ निघाले. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. त्यानुसार सभासदाने नेमलेल्या नामनिर्देशित व्यक्तीला, म्हणजेच नॉमिनीला, वारस निश्चित होईपर्यंत तात्पुरता सभासद करून घेतले जाते. नॉमिनी म्हणजे मालक, ही समजूत घरोघरी पक्की असली तरी ती चुकीची आहे. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या खटल्यात, नामनिर्देशनाने वारसाहक्क डावलला जात नाही, हे स्पष्ट केले.

वाचनालयात वडिलांची अनामत होती दीडशे रुपये. ती परत मिळवण्यासाठी मूळ पावती, मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांचे ना-हरकत पत्र लागेल असे सांगण्यात आले, आणि झेरॉक्स व रिक्षा यांचा खर्च मांडला तर संस्थेलाच देणगी दिलेली बरी, असा हिशेब निघाला. लेखिकेच्या आईने त्यावर ती अनामत आपल्या नावावर वर्ग करून घेतली आणि वडिलांनी अर्धवट वाचलेली कादंबरी, मुदत वाढवून, घरी परत आणली. साप्ताहिक बंद करण्यासही तिने नकार दिला. “अगं, नाव त्यांचं होतं, शब्दकोडं मीच सोडवायचे,” एवढेच तिचे म्हणणे होते, आणि वर्गणी एका व्यक्तीची पण वाचन घराचे, ही गोष्ट अर्जाच्या कोणत्याही रकान्यात बसत नसली तरी ते म्हणणे बिनतोड होते.

राहिले आजीव सभासदत्व. या शब्दातील जीव सभासदाचा, हे उघड आहे. तथापि दोनदा दाखल्याची प्रत पाठवूनही त्या संस्थेच्या यादीतून नाव गेले नाही, आणि कार्यकारिणीच्या पुढच्या निवडणुकीत वडिलांच्या नावे टपालाने मतपत्रिका आली. ती परत पाठवावी की फाडून टाकावी, यावर घरात थोडी चर्चा झाली. आपण मत कोणाला दिले हे वडिलांनी जन्मात कधी सांगितले नव्हते, याची आईने आठवण करून दिली. मग ते पाकीट न फोडता, वर्गणीच्या जुन्या पावतीमागे, टाचणी लावून फायलीत ठेवण्यात आले.